भोवऱ्याची उडी

धाकटीला माणसं चटकन आवडत नसत, आणि आवडली तरी फार दिवस टिकत नसत. चाळिशी ओलांडली तरी घरात ती धाकटीच होती. कॉलेजात ती इतिहास शिकवायची आणि तिथे पाठीमागे तिला मिरची म्हणत. हे तिला ठाऊक होतं. नाव अगदीच वाईट नाही, असं तिचं मत होतं. तिच्या सहकाऱ्यांना तिने मनातल्या मनात जी नावं ठेवली होती, त्या मानाने हे म्हणजे कौतुकच.

त्या वर्षी तिने उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज केला. फेलोशिप प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासासाठी होती आणि ती देणारं ग्रंथालय नदीकाठच्या एका जुन्या गावात होतं. तिला नावाड्यांवर लिहायचं होतं. गावात पहिला पूल झाला तेव्हा तिथल्या नावाड्यांनी म्हणे मोठा लढा दिला होता, आणि त्या काळची वर्तमानपत्रं त्या ग्रंथालयाखेरीज कुठे उरली नव्हती. शिवाय थोरल्या बहिणीचं घर त्याच गावात, म्हणजे राहण्याची सोय झाली. अडचण एकच होती. फेलोशिपचे प्रमुख सर होते.

सर म्हणजे तिचे एकेकाळचे मार्गदर्शक. तिच्या प्रबंधाच्या काळात त्यांनी तिच्याकडून काय करून घेतलं नव्हतं? भाजी आणून घेतली, विजेची बिलं भरून घेतली, सूनबाईंच्या परीक्षेची टिपणं काढून घेतली. प्रबंध तेवढा वाचला नाही. पण सरांचा आवाज असा, की ते नुसतं 'दार लावा' म्हणाले तरी ऐकणाऱ्याला वाटावं, इतिहासाचं एक पर्व संपलं. त्या आवाजावर ते तीस वर्षं व्याख्यानं देत होते आणि लोक तीस वर्षं माना डोलावत होते.

"अगं, सर आहेत तिथे!" भाऊजींना ही बातमी कळली तेव्हा ते उभेच राहिले. भाऊजींचं पाण्याच्या मोटारी विकण्या-दुरुस्त करण्याचं दुकान होतं. दिवसभर दुकानात सरांची व्याख्यानं लावून ठेवायची आणि गिऱ्हाइकालाही ऐकवायची, ही त्यांची सवय. "तू रोज त्यांच्यासमोर बसणार? नशीब लागतं बघ."

"लागतं खरं," धाकटी म्हणाली.

"टोमणे मारू नकोस त्यांना," ताई आतून ओरडली. "आल्या दिवशी सुरू करू नकोस."

भाऊजींना टोमणा कळलाच नव्हता. टोमणा कळायला जे लागतं, ते भाऊजींना देवाने दिलेलं नाही, असं धाकटीचं, ताईच्या लग्नात त्यांना पहिल्यांदा पाहिल्यापासूनचं मत होतं.

ग्रंथालयाची इमारत मात्र देखणी होती. उंच खिडक्या, लांबलचक टेबलं, भिंतीभर कपाटं आणि त्यांच्यावर सरकणारी चाकाची शिडी. ग्रंथपाल असा माणूस होता, की कपाटातून पुस्तक काढलं तर त्याच्या तोंडावर दाढ उपटल्यासारखे भाव येत. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे त्याने धाकटीसमोर आणून आपटले आणि म्हणाला, "हळू. तुकडे पडतात." ते आपटतानाच दोन पडले होते.

तिच्याबरोबर आणखी दोघे निवडले गेले होते. एक निवृत्त अधिकारी होते. त्यांचं गाव शेजारच्या गावापेक्षा जुनं आहे एवढंच त्यांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून येत आणि दुपारी खुर्चीतच घोरत. दुसरा एक तरुण प्राध्यापक. सर खोलीत ज्या बाजूला बसत, त्या बाजूला याचं तोंड आपोआप वळे. सर बोलले की हा म्हणे, "हो का? हो का, सर?" धाकटीने पहिल्या तासातच त्याचं नाव होकायंत्र ठेवलं.

पहिल्याच बैठकीत सरांनी हातांची बोटं एकमेकांत गुंफली आणि फेलोशिपचा अर्थ समजावून सांगितला.

"आपण सगळे मिळून एक ग्रंथ करतो आहोत. या प्रदेशाचा समग्र इतिहास. प्रत्येकाने आपापलं प्रकरण लिहायचं."

"नाव कुणाचं, सर?" धाकटीने विचारलं.

"ग्रंथाला नाव प्रदेशाचं."

"आणि लेखक म्हणून?"

सरांनी डोळे मिटले. "माझं. काय करू? प्रकाशकाचा हट्ट."

"भाग्य आपलं," निवृत्त अधिकारी म्हणाले. होकायंत्राने तर हे वहीत लिहून घेतलं. यात लिहून घेण्यासारखं काय होतं, ते त्यालाच माहीत.

धाकटीला तेव्हाच उठून जाता आलं असतं. पण वर्तमानपत्रांचे गठ्ठे समोर होते आणि पहिल्याच पानांवर नावाडी सापडले होते. असल्या माणसांपायी असला ऐवज सोडायचा, म्हणजे मांजर आडवं गेलं म्हणून वरातीने परत फिरण्यातला प्रकार. ती बसली.

आणि खरंच, गोष्ट सोन्यासारखी निघाली. पूल एका कंपनीने बांधला होता आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडून ती टोल घेणार होती. पूल खुला झाला त्याच दिवशी नावाड्यांनी जाहीर केलं: आजपासून आमची नाव फुकट. त्यांचा म्होरक्या भोवरा नावाचा एक दांडगा नावाडी होता. नदीतल्या भोवऱ्यांतून नाव बिनचूक काढायचा म्हणून हे नाव. सबंध उन्हाळा लोक फुकट नावेतून ये-जा करत राहिले आणि पुलावरचा कारकून माश्या मारत बसला. लोक मुद्दाम पुलाखालून जाताना त्याला हात करायचे. मग नदी फुगली, नावा बांधून ठेवाव्या लागल्या आणि लोक पुलावर चढले. एकदा चढले ते चढलेच. नदी ओसरल्यावरही कुणी घाटावर आलं नाही. जे कालपर्यंत हात करत होते, ते टोल मोजून ऐटीत जाऊ लागले.

वाचताना धाकटीला त्या लोकांचा असा राग आला, की जणू ते बाहेरच्या रस्त्यावरच होते. फुकट आहे तोवर तुमचे, आणि पाय ओला व्हायची वेळ आली की आम्ही नाही त्यातले.

त्यापुढे भोवऱ्याचं काय झालं, हे वर्तमानपत्रांत कुठे नव्हतं. ते ताईने जेवताना सहज सोडवलं. ताई घरी शिवणकाम करायची.

"भोवऱ्याची नात ना? दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर राहते की. माझ्याकडे उशांचे अभ्रे शिवायला टाकते. एकही कधी पसंत पडत नाही बयेला."

धाकटी दुसऱ्या दिवशी जिने चढून गेली. आजी ऐंशीच्या घरातल्या, अंगाने सुकलेल्या, जिभेने ताज्या. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाची उणीदुणी काढत होत्या. धाकटीला फार दिवसांनी एक माणूस आवडलं.

"आजोबा? टोलनाक्यावर होते," आजी म्हणाल्या.

"कुठल्या टोलनाक्यावर?"

"पुलावरच्या. दुसरा आहे का गावात?"

"पण आजी, त्यांनी तर पुलाविरुद्ध लढा दिला होता."

"दिला. हरले. मग पोटात काय नदी भरायची? कंपनीच्या साहेबाने बोलावलं. म्हणाला, लोक तुला ओळखतात, तू हात पुढे केलास तर निमूट देतील. आणि दिले हो! कुणी हुज्जत घालायचं नाही." आजींनी हसता हसता पदराने तोंड पुसलं. "मी बघितलेत ना त्यांना. हा एवढा लठ्ठ माणूस. म्हातारपणी पाण्याला भ्यायचे. आंघोळीला चला म्हटलं की कुरकुर. अंथरुणात गेले. शेवटचं काय बोलले माहितीये? 'ही उशी टोचते.'"

धाकटी जिने उतरली ती जवळजवळ गुणगुणतच. हरलेला माणूस ज्याच्याशी लढला त्याच्याच दारात नोकरीला उभा राहतो, आणि त्याला सोडून गेलेले लोक त्याच्याच हातावर टोल ठेवतात. यात एक अक्षर वाढवायची गरज नव्हती. तिने प्रकरण लिहून काढलं आणि सरांकडे नेलं.

सरांनी कागद तळहातावर तोलले. "वजनदार आहे."

"वाचून बघा, सर."

"वाचणारच. पण आधी तोंडी सांग. समारोपाच्या व्याख्यानात घेईन म्हणतो."

तिने सांगायला सुरुवात केली. पूल, टोल, फुकट नाव. सरांचे डोळे चमकले. "वा! फुकट नाव! वा!" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुठल्याशा सत्काराचा होता. सर बोलत बोलत खिडकीकडे गेले, तिथून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून घरी. कागद टेबलावरच राहिले. ते होकायंत्राने उचलले आणि छातीशी धरून तो सरांमागे धावला.

समारोपाला ग्रंथालयाचा हॉल गच्च भरला. भाऊजी दुकान बंद करून, दुपारपासून जागा धरून बसले होते. आजींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांना धाकटीनेच आग्रहाने आणलं होतं.

सर बोलायला उभे राहिले. फुकट नावांचा प्रसंग त्यांनी असा उभा केला, की वल्ह्यांचा आवाज ऐकू यावा. नदी फुगली. लोक पुलावर चढले. घाट ओस पडला. आणि इथे सर थांबले. इतरांना तो थांबा परिणामकारक वाटला. धाकटीला मात्र कळलं, की यापुढचं या माणसाला ठाऊकच नाही. तिला मनातून गुदगुल्या झाल्या. आता पडा तोंडावर, ती मनाशी म्हणाली.

सरांनी आवाज खाली आणला.

"त्या संध्याकाळी भोवरा एकटाच पुलावर आला. टोल भरला नाही. मधोमध उभा राहिला. ज्या नदीने त्याला वाढवलं, तिच्याकडे त्याने पाहिलं. आणि..." सरांनी दोन्ही हात पसरले. "उडी घेतली. नदीने आपला मुलगा परत नेला."

 मागून हुंदका आला. बायका डोळे पुसू लागल्या. भाऊजी तर ओंजळीत तोंड खुपसून रडत होते. अडीच मणाचा माणूस, मोटारी खांद्यावरून वाहणारा, आणि एका थापेवर ढसाढसा रडतोय. धाकटीला शिसारी आली. ती उभी राहिली.

"सर, त्याने उडी मारली नाही."

सगळ्यांनी माना वळवल्या.

"तो त्याच पुलावर टोल गोळा करायचा. म्हातारा होऊन वारला. मी लिहून दिलंय तुम्हाला."

सर हसले. असं हसले, की शेजारच्या बाईंना ते प्रेमळच वाटलं असेल. "ही माझी विद्यार्थिनी. शंका घ्यायला हिला मीच शिकवलं. दस्तऐवज एक सांगतो, लोकांचं मन दुसरं सांगतं. इतिहास दोन्हीकडून ऐकायचा असतो, बाळ."

टाळ्या पडल्या. होकायंत्राच्या सगळ्यांत जोरात.

"लोकांचं मन कशाला?" धाकटी म्हणाली. "भोवऱ्याची नात इथे बसली आहे. आजी, तुम्हीच सांगा."

आजी उठल्या. सगळा हॉल ओल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होता. कुणी त्यांच्या कोपराला आधार दिला, कुणी पाण्याचा पेला पुढे केला. निवृत्त अधिकारी तर खुर्ची सोडून उभे राहिले. आजींनी एकदा धाकटीकडे पाहिलं, एकदा त्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं.

"मी फार लहान होते," त्या म्हणाल्या. "मला काय आठवणार?"

आणि बसल्या.

धाकटी दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा ते जिने चढली. आजींनी दार उघडलं ते तोंडाची तयारी करूनच.

"ये. भांडायला आलीस ना? भांड."

"का केलंत असं?"

"शाळेत मला पोरी काय म्हणायच्या माहितीये? 'टाक पैसा, हो पुढे.' मी वर्गात शिरले की हात पुढे करायच्या. लग्न ठरलं तेव्हा सासरचे म्हणाले, टोलवाल्याची नात का? अशी सगळी हयात गेली. काल मी हॉलमधून निघाले तर लोक बाजूला झाले. माझ्यासाठी. तुझा तो सर खोटारडा आहे, कळतं मला. पण या वयात मिळालंय, तर घेऊ दे की चार दिवस."

"पण ते खोटं आहे, आजी."

"मग तू खरं लिही. मी कुठे नाही म्हणते? वाचतंय कोण?"

 आवडलेलं एकुलतं एक माणूसही तिने त्या जिन्यावर यादीतून खोडलं.

तिने ग्रंथातून आपलं प्रकरण मागे घेतलं. त्याने कुणाचं काही अडलं नाही. होकायंत्राने ते उडीसकट नव्याने लिहून दिलं. तिने स्वतःचा अहवाल ग्रंथपालाकडे दिला. त्याने त्यावर शिक्का मारला आणि तो अशा कपाटात ठेवला, जिथे शिडीही पोचत नव्हती. मग ती आपल्या गावी, आपल्या कॉलेजात परतली.

गावात मात्र उडी पसरत गेली. स्मारक समिती झाली. अध्यक्ष निवृत्त अधिकारी, सचिव होकायंत्र. पुलाच्या तोंडाशी भोवऱ्याचा पुतळा उभारायचं ठरलं. ताई फोनवर एकेक बातमी सांगायची आणि धाकटी ऐकून घ्यायची. संताप करायलासुद्धा समोरच्याबद्दल काही मान असावा लागतो, तोही आता राहिला नव्हता.

एक दिवस सरांचाच फोन आला.

"अगं, पुतळ्याखालच्या दगडावरचा मजकूर तू लिही. माझी भाषा पसरते. दगडाला नेमकं लागतं. तुझ्यासारखं नेमकं कोण लिहितं?"

त्यांच्या आवाजात खोच नव्हती. तिने भर सभेत त्यांना खोटं पाडायचा प्रयत्न केला होता, हे ते बहुधा विसरूनच गेले होते. तिच्या ओठांवर नकार आला होता, तो तिने गिळला.

"लिहिते," ती म्हणाली.

तिने लिहिलं: 'भोवरा नावाडी. पूल झाला तेव्हा याने व याच्या सोबत्यांनी सबंध उन्हाळा लोकांना फुकट पलीकडे नेले. नदी फुगल्यावर लोक पुलावरून गेले. मग याने याच पुलावर टोल गोळा केला. म्हातारपणी अंथरुणात वारला.'

पाठवल्यावर पेलाभर पाणी पिऊन होत नाही तोच सरांचं उत्तर आलं: 'उत्तम. नेमके.' सरांनी उत्तम म्हटलेलं वाचायचं म्हणजे सरांवर अविश्वास दाखवणं, म्हणून होकायंत्राने वाचलं नाही. होकायंत्राने पुढे पाठवलेलं वाचणं हे अध्यक्षांचं काम नव्हतं. वाचलं फक्त दगड कोरणाऱ्याने. त्याचा धाकटीला फोन आला.

"बाई, वरचा माणूस तर उडी मारतोय. खालचा अंथरुणात वारतोय. दोघं वेगळे का?"

"एकच आहे."

"बघा हं. दगडावर खोडता येत नाही."

"म्हणूनच म्हणते, कोरा."

अनावरणाला ती आली. आजी शालजोडी घेऊन मांडवात खुर्चीवर बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होत्या. पडदा ओढला तेव्हा लोकांनी 'आ' केला. उघडी छाती, पसरलेले हात, मागे उडणारे केस. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून धाकटीने निरखून पाहिलं, तर तो होकायंत्राचा होता. शिल्पकाराला नमुना हवा होता, तेव्हा तो स्वतःहून उभा राहिला होता म्हणे. सरांचं भाषण झालं. लोकांनी पुतळ्याशेजारी हात पसरून फोटो काढून घेतले. दगडाला पाठी टेकल्या, कुणी त्याच्यावर चपला ठेवल्या, एकाने बाळाला बसवलं. खाली वाकून वाचलं मात्र एकानेही नाही. धाकटी एका कडेला उभी राहून ही मजा बघत होती. इतका मनासारखा दिवस तिला बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता.

गर्दी जेवणाच्या मांडवाकडे वळली. आणि मग तिला भाऊजी दिसले. ते पुतळ्यासमोर उकिडवे बसले होते. चष्मा कपाळावरून खाली ओढला होता आणि अक्षरांवरून बोट फिरवत, ओठ हलवत ते वाचत होते. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं. परत वर गेलं. परत खाली आलं.

धाकटी जवळ गेली. आता हे ओरडतील, समितीला बोलावतील, असं तिला वाटलं. काय काय बोलायचं, ते तिने तयार ठेवलं होतं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"म्हणजे तू तेव्हा म्हणत होतीस ते..."

"खरं होतं."

"बुडाला नाही तो?"

"नाही."

 भाऊजींनी खिशातून रुमाल काढला आणि अक्षरांत साचलेली दगडाची पूड पुसायला लागले.

"बरं झालं," ते म्हणाले. "त्या दिवशी व्याख्यानाहून आलो आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही बघ. मनात येत राहिलं, घरी बायको असेल, पोरं वाट बघत असतील, आणि हा उडी मारून मोकळा. सरांपुढे मी कोण? पण बरं नाही वाटलं." त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर खरोखरच आनंद होता. "चांगलं जगला ना पुढे? त्रास नाही झाला?"

धाकटीच्या तयार वाक्यांतलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. ती त्यांच्या शेजारी दगडाच्या कडेवर टेकली.

"चांगला जगला," ती म्हणाली. "लठ्ठ झाला होता."

"हो का?" भाऊजी खुश होऊन म्हणाले. "अजून सांग की."